प्रसूती रजेचा भार कोणी वाहावा?
भोर-वेल्ह्यातील शाळा-महाविद्यालयांच्या संदर्भात एक विचार

पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात भोर आणि वेल्हे हे दोन डोंगरी तालुके वसलेले आहेत. राजगड, तोरणा आणि रोहिडा या किल्ल्यांमुळे त्यांची नावे महाराष्ट्रात सर्वपरिचित आहेत. नीरा, वेळवंडी, गुंजवणी, कानंदी या नद्यांच्या खोऱ्यांनी आणि भाटघर, नीरा-देवघर, पानशेत, गुंजवणी या जलाशयांनी येथील भूमी विभागली गेली आहे. १९४८ मध्ये विलीनीकरण होईपर्यंत भोर हे पंतसचिवांचे संस्थान होते. वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला. लोकांच्या तोंडी मात्र अद्याप वेल्हे हेच नाव आहे आणि या लेखातही ते तसेच ठेवले आहे. २०११ च्या जनगणनेत भोरची लोकसंख्या सुमारे १ लाख ८६ हजार, तर वेल्ह्याची केवळ साडेचोपन्न हजारांच्या घरात होती. वस्ती विरळ, वाड्या एकमेकींपासून दूर आणि पावसाळा दांडगा, त्यामुळे येथील प्राथमिक शाळाही लहान आहेत. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक देतो, आणि डोंगराकडच्या वाड्यावस्त्यांतील शाळा बहुधा अशाच द्विशिक्षकी असतात.

अशा शाळेतील एक शिक्षिका प्रसूती रजेवर गेली म्हणजे शाळेचे निम्मे बळ सहा महिन्यांसाठी कमी होते. उरलेल्या एका शिक्षकाकडे पहिलीपासून चौथीपर्यंतचे चारही वर्ग येतात. शिवाय पोषण आहाराचा हिशेब, केंद्रावरील बैठका, ऑनलाइन माहिती भरणे ही कामे आहेतच. शहरातील पंचवीस शिक्षकांच्या शाळेत हीच रजा वेळापत्रकात थोडी फिरवाफिरव करून निभावून नेली जाते. रजा एकच, नियमही एकच. तिचा भार मात्र शाळा जितकी लहान आणि गाव जितके दूर, तितका अधिक.

रजा द्यावी की न द्यावी याबद्दल आज वाद उरलेला नाही. विचार करावयाचा आहे तो या रजेच्या खर्चाचा. रजेवरील शिक्षिकेचे वेतन, तिच्या जागी काम करणाऱ्याचे मानधन आणि कोणीच न आल्यास मुलांचे होणारे नुकसान, असे या खर्चाचे तीन भाग पडतात. पहिल्या भागाची चर्चा पुष्कळ होते. दुसऱ्याची क्वचित होते. तिसरा भाग कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही, आणि भोर-वेल्ह्यात तोच सर्वांत जड आहे.

रजा कोणाला किती?

प्रथम नियमांची स्थिती पाहू. शासकीय सेवेतील स्त्रियांना महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ अन्वये प्रसूती रजा मिळते. तिची मुदत पूर्वी ९० दिवस होती. २००९ मध्ये ती १८० दिवसांची करण्यात आली. जिल्हा परिषदेच्या शिक्षिकांनाही हाच लाभ आहे. रजेच्या काळातील वेतन पूर्ण असते आणि ते शासनाच्या तिजोरीतून येते. २०१८ पासून याखेरीज बालसंगोपन रजाही लागू झाली असून संपूर्ण सेवेत १८० दिवसांपर्यंत ती घेता येते.

अनुदानित माध्यमिक शाळांतील सेवा १९७७ चा खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांविषयीचा अधिनियम आणि त्याखालील १९८१ ची नियमावली यांच्या कक्षेत येते. तेथेही वेतन शासकीय अनुदानातूनच होत असल्यामुळे रजेचा आर्थिक बोजा संस्थेवर पडत नाही. महाविद्यालयातील कायम अध्यापिकांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने १८० दिवसांच्या पूर्ण पगारी रजेची तरतूद केली आहे. पीएच.डी. करणाऱ्या संशोधक विद्यार्थिनींनाही संपूर्ण अभ्यासकाळात एकदा २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते.

येथपर्यंतचे चित्र समाधानकारक आहे. कायम नोकरीतील स्त्रीच्या रजेचे वेतन सर्व करदात्यांमध्ये वाटले जाते. कोणा एका शाळेला किंवा गावाला ते सोसावे लागत नाही. अमुक शिक्षिका नेमली तर उद्या तिला रजा द्यावी लागेल आणि शाळेचा पैसा जाईल, असा हिशेब अनुदानित संस्थेच्या चालकाला करण्याचे कारण उरत नाही. ही गोष्ट वाटते तितकी लहान नाही. ती कशी साधली गेली आणि कोठे साधली गेली नाही, हे समजण्यासाठी सुमारे शंभर वर्षे मागे जावे लागेल.

मुंबई कायदेमंडळातील चर्चा

प्रसूतिकाळात काम करणाऱ्या स्त्रीला आर्थिक साहाय्य देणारा भारतातील पहिला प्रांतिक कायदा आपल्याच मुंबई इलाख्यात १९२९ मध्ये झाला. तो कारखान्यांतील स्त्रियांपुरता होता. त्याच्या विधेयकावर जुलै १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात चर्चा झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विधेयकाला पाठिंबा दिला. प्रसूतीच्या आधी आणि नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, हा त्यांच्या मांडणीचा पाया होता. खर्चाचा मुद्दा त्यांनी टाळला नाही. लोकांचे कल्याण जपणे हे मुख्यतः सरकारचे काम असल्यामुळे हा भार बव्हंशी सरकारने उचलला पाहिजे, हे त्यांनी मान्य केले. आणि त्याच वेळी, स्त्रियांच्या श्रमातून ज्याला लाभ होतो तो मालकही या जबाबदारीतून पूर्णपणे सुटू शकत नाही, असेही सांगितले.

कायदा झाला तेव्हा मात्र पैसे देण्याची जबाबदारी एकट्या मालकावर ठेवण्यात आली. पुढील दशकांत मुंबईच्या कापड गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण घटत गेले. त्याची कारणे अनेक होती; रात्रपाळीत स्त्रियांना असलेली बंदी आणि यंत्रांत व कामाच्या पद्धतीत झालेले बदल ही त्यांतील प्रमुख. तथापि, प्रसूतीचा खर्च आपल्या गिरणीवर पडू नये म्हणून स्त्रीला कामावरच न घेण्याचा मोह मालकांना होत असे, हेही त्या काळच्या अभ्यासकांनी नोंदविले आहे. कायद्याने दिलेले संरक्षण नोकरीच्या दारातच निष्फळ ठरण्याचा धोका तेव्हापासून आहे.

स्वातंत्र्यानंतर कारखान्यातील स्त्रियांसाठी या धोक्यावर उपाय निघाला. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने प्रसूतिलाभाची रक्कम मालकाच्या खिशातून काढून एका सामाईक निधीत नेली. मालक आणि कामगार दोघेही वेतनाच्या ठराविक प्रमाणात या निधीत वर्गणी भरतात. २०१९ पासून हे प्रमाण मालकाकडून ३.२५ टक्के आणि कामगाराकडून ०.७५ टक्के आहे. आजारपण, अपघात, औषधोपचार आणि प्रसूती या सर्वांचा खर्च त्यातूनच भागतो. एखाद्या कारखान्यात वर्षाला दहा स्त्रिया प्रसूत झाल्या काय किंवा एकही झाली नाही काय, मालकाची वर्गणी बदलत नाही.

अशा विम्याबाहेर राहिलेल्या स्त्रियांसाठी १९६१ चा प्रसूतिलाभ कायदा आला आणि त्याने पुन्हा जुनीच वाट धरली, म्हणजे पैसे द्यावयाचे ते मालकाने. २०१७ च्या दुरुस्तीने १२ आठवड्यांची मुदत २६ आठवडे झाली. दोन अपत्ये हयात असल्यास १२ आठवडेच राहिली. मुदत दुपटीहून अधिक वाढली, पण पैशाची वाट तीच राहिली. २०१८ मध्ये केंद्रीय श्रम मंत्रालयाने, पंधरा हजार रुपयांच्या आत वेतन असलेल्या स्त्रियांच्या बाबतीत सात आठवड्यांचे वेतन मालकांना परत देण्याची एक योजना विचारात असल्याचे जाहीर केले होते. हा भार एकट्या मालकावर टाकणे योग्य नाही, याची ती एक प्रकारे कबुलीच होती. २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली आणि १९६१ चा कायदा तिच्यात सामावला गेला. २६ आठवडे, आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस कामाची अट आणि मालकाने वेतन देण्याची पद्धत ही तिन्ही सूत्रे संहितेत कायम आहेत.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २००० मध्ये संमत केलेल्या १८३ व्या करारात प्रसूतिलाभ सामाजिक विम्यातून किंवा सार्वजनिक निधीतून दिला जावा, एकट्या मालकावर त्याचा थेट बोजा नसावा, असे तत्त्व मांडले आहे. भारताने हा करार अद्याप स्वीकारलेला नाही. ब्रिटनमध्ये मालक कायद्याने ठरलेले प्रसूतिवेतन देतो आणि त्यातील ९२ टक्के रक्कम सरकारला भरावयाच्या देण्यातून वळती करून घेतो. लहान मालकांना तर पूर्ण रक्कम आणि वर थोडी भरपाईही मिळते. लहान संस्थेला मोठ्या संस्थेपेक्षा अधिक आधार लागतो, हे त्या व्यवस्थेने ओळखले आहे. वेल्ह्यातल्या शाळेचा विचार करताना हा धागा उपयोगी पडेल.

विनाअनुदानित शाळा

आता ज्या शाळांना वेतन अनुदान नाही त्यांच्याकडे वळू. भोर शहरात, नसरापूर-कापूरहोळच्या बाजूला आणि महामार्गालगतच्या गावांत गेल्या काही वर्षांत मुलांना बसने इंग्रजी माध्यमाच्या शाळेत पाठविण्याची रीत रुळली आहे. अशा शाळा बहुधा स्वयंअर्थसहाय्यित असतात आणि त्यांत शिकविणाऱ्या बहुतेक स्त्रियाच असतात. फीमधून जे येईल त्यातून पगार. तेथे सहा महिन्यांच्या पगारी रजेचा प्रश्न निघाला की संस्थाचालक हिशेब मांडतात, आणि तो हिशेब खोटा नसतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका शाळेत दहा शिक्षक आहेत आणि प्रत्येकाचे मासिक वेतन १५,००० रुपये आहे. वर्षाचा वेतनखर्च १८ लाख रुपये झाला. एक शिक्षिका सहा महिने रजेवर गेली. तिचे वेतन द्यावेच लागते. तिच्या जागी तेवढ्याच पगारावर दुसरी नेमली तर ९०,००० रुपये जास्तीचे लागतात. म्हणजे त्या वर्षी पाच टक्के खर्च वाढला. एकाच वर्षी दोघी गेल्या तर दहा टक्के. लहान शाळेच्या दृष्टीने हा धक्काच होय. मग मुलाखतीच्या वेळी लग्न झाले आहे काय, मूल आहे काय, असे न विचारण्याचे प्रश्न विचारले जातात. किंवा नेमणूक जून ते एप्रिल अशी दहा-अकरा महिन्यांची केली जाते. किंवा शिक्षिका स्वतःच राजीनामा देते आणि त्याला ऐच्छिक म्हटले जाते. याला संस्थाचालकाचा दुष्टपणा म्हणून मोकळे होता येईल, पण तेवढ्याने पुढच्या शिक्षिकेचे काही भले होणार नाही.

आता अशाच चाळीस शाळा एकत्र आल्या असे समजा. शिक्षक ४००, वर्षाचा वेतनखर्च ७ कोटी २० लाख रुपये. वर्षभरात बारा शिक्षिका प्रसूती रजेवर गेल्या असे धरले तर जास्तीचा खर्च १० लाख ८० हजार येतो. एकूण वेतनाच्या मानाने हा दीड टक्का झाला. शिक्षकामागे दरमहा २२५ रुपये. जी रक्कम एका शाळेच्या अंदाजपत्रकात धक्का वाटते, ती चाळीस शाळांत वाटली गेली की नियमित खर्चाची एक बाब होते. आकडे उदाहरणादाखल आहेत. वेतन वा जननप्रमाण बदलले तर तेही बदलतील. पण वाटणीचे गणित बदलणार नाही.

अशा निधीची वर्गणी ठरविताना एक पथ्य अवश्य पाळावे. ती शाळेत किती शिक्षिका आहेत यावर आकारली जाऊ नये. तशी आकारली तर पुरुष शिक्षक नेमणाऱ्या शाळेची वर्गणी वाचेल आणि आपण पुन्हा गिरणीमालकाच्या हिशेबाशी येऊन पोहोचू. वर्गणी स्त्री-पुरुष सर्वांच्या एकूण वेतनावर असावी. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९५२ च्या करारातही हेच सूत्र आहे. आपल्या शाळेत एकही शिक्षिका नाही, मग आम्ही का भरावे, असे कोणी म्हणाल्यास त्या शाळेत बसलेली मुले कोणी जन्माला घातली, एवढेच विचारावे.

कायद्याच्या बाजूने आणखी एक अडचण आहे. कायद्याची व्याप्ती कारखाने, खाणी, मळे आणि दहा वा अधिक कर्मचारी असलेली दुकाने व आस्थापना यांच्यापर्यंत आहे. सहा-सात शिक्षिकांची बालवाडी किंवा छोटी प्राथमिक शाळा, शासनाने वेगळी अधिसूचना काढल्याखेरीज, तिच्याबाहेर राहते. शिक्षणसंस्थेला आस्थापना म्हणावे काय, याविषयीही वाद घातले गेले. केरळ राज्याने २०२० मध्ये स्वतंत्र अधिसूचनेद्वारे खासगी शिक्षणसंस्थांतील शिक्षिका व इतर कर्मचारी स्त्रियांना हा कायदा लागू केला आणि आपल्यापुरता तो संशय मिटविला.

तासिका तत्त्वावरील अध्यापिका

महाविद्यालयांतील परिस्थिती वेगळ्या प्रकारे बिकट आहे. मंजूर पदे रिक्त राहिली की तासिका तत्त्वावर नेमणुका होतात. या अध्यापकाला मासिक वेतन नसते. जितके तास घेतले तितके मानधन. सुटीत तास नाहीत, म्हणून मानधनही नाही. नेमणूक एका शैक्षणिक वर्षापुरती. पात्रता तीच, परीक्षेच्या उत्तरपत्रिकाही त्याच. पण बाळंतपण आले की तास बंद आणि तासांबरोबर उत्पन्नही बंद.

प्रसूतिलाभाची रक्कम ठरविण्याची रीत येथे कशी अडते ते पाहण्यासारखे आहे. आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेले असावे लागते. आठवड्यातून तीन दिवस आणि वर्षात तीस आठवडे शिकविणाऱ्या अध्यापिकेचे ९० दिवस भरतात. दोनच दिवस शिकविणारीचे ६० भरतात आणि ती बाहेर पडते. रक्कम ठरते ती रजेच्या लगतच्या तीन महिन्यांत जितके दिवस काम केले त्या दिवसांच्या सरासरी वेतनावर. जुलैमध्ये प्रसूत होणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत हे तीन महिने बहुतांशी उन्हाळी सुटीचे असतात. काम नाही म्हणून वेतन नाही, आणि वेतन नाही म्हणून सरासरीही नाही. बारमाही चालणाऱ्या कारखान्याच्या मापाने शिवलेला हा अंगरखा महाविद्यालयाच्या अंगाला बसत नाही.

न्यायालयांनी या बाबतीत दिशा दाखविली आहे. २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महानगरपालिकेच्या हजेरीपटावरील स्त्री कामगारांनाही प्रसूतिलाभ मिळाला पाहिजे असा निर्णय दिला. ऑगस्ट २०२३ मध्ये दिल्लीतील एका कंत्राटी स्त्री डॉक्टरच्या प्रकरणात, कंत्राटाची मुदत रजेच्या काळात संपली तरी पूर्ण २६ आठवड्यांचा लाभ द्यावा लागेल, असे त्याच न्यायालयाने सांगितले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१५ मध्ये, सरोगसीद्वारे माता झालेल्या एका महाविद्यालयीन अध्यापिकेलाही ही रजा नाकारता येणार नाही असा निर्णय दिला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतील एका शासकीय शाळेतील शिक्षिकेच्या बाजूने निकाल देताना प्रसूती रजेचा संबंध स्त्रीच्या प्रजननविषयक हक्कांशी जोडला. हक्क याप्रमाणे विस्तारत आहे. परंतु न्यायालय हक्क सांगते. त्यासाठी लागणारे पैसे ठेवावयाचे लेखाशीर्ष तयार करणे हे प्रशासनाचे काम आहे. ते होईपर्यंत प्रत्येक अध्यापिकेला आपापला दावा स्वतंत्रपणे लढवावा लागेल, आणि पुढच्या वर्षी पुन्हा याच महाविद्यालयात नेमणूक हवी असलेली कोण असा दावा लढवील?

शाळेच्या आवारातील इतर स्त्रिया

शिक्षिकांचा विचार करताना त्याच आवारात काम करणाऱ्या दोन स्त्रियांचा विसर पडू नये. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस या मानधनावर असल्या तरी त्यांना १८० दिवसांची मानधनासह प्रसूती रजा मान्य आहे. शालेय पोषण आहार शिजविणारी बाई मात्र कोणत्याच रजेच्या नियमात बसत नाही. बाळंतपणाच्या दिवसांत तिची जाऊ किंवा नणंद खिचडी शिजविते आणि मानधन तिच्याकडे जाते. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ अन्वये गरोदर व स्तनदा मातांना किमान ६,००० रुपयांचे साहाय्य मिळावे असे ठरले आहे आणि प्रधानमंत्री मातृवंदना योजनेखाली पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये, तर दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये दिले जातात. आहार शिजविणाऱ्या बाईच्या हाती येते ते एवढेच. मातृत्वाचा खर्च हा सार्वजनिक खर्च आहे, हे तत्त्व या योजनेने मान्य केले आहे. रक्कम अपुरी असली तरी तत्त्व महत्त्वाचे आहे.

बदली शिक्षकाचा प्रश्न

आता सुरुवातीच्या द्विशिक्षकी शाळेकडे पुन्हा येऊ. तेथे रजेचे वेतन शासन देते, म्हणून खर्चाचा पहिला भाग सुटलेला आहे. दुसरा सुटलेला नाही. वरच्या खोऱ्यातील शाळेत केंद्रातील दुसऱ्या शाळेचा शिक्षक काही दिवसांसाठी पाठवावा, तर ती शाळाही दोनच शिक्षकांची. एकीचे ठिगळ दुसरीला लावल्यासारखे होते. कोठे गावकरी वर्गणी काढून एखाद्या शिकलेल्या मुलीला शाळेत उभे करतात. त्यांचे कौतुक करावे. पण पद्धत म्हणून ती रास्त ठरत नाही. नव्या शिक्षणसेवकाला प्राथमिक शाळेत २०२३ पासून दरमहा १६,००० रुपये मानधन ठरले आहे. तेवढेच मानधन बदली शिक्षकाला द्यावयाचे म्हटले तर सहा महिन्यांचे ९६,००० रुपये होतात. चाळीस उंबऱ्यांच्या वाडीत घरटी २,४०० रुपये. ज्या वाडीचे निम्मे कर्ते पुण्या-मुंबईत कामाला आहेत आणि भाताच्या एका पिकावर घर चालते, तिने हा भार का उचलावा? शहरातील पालकाला तर याची वार्ताही नसते.

खर्च तितका मोठाही नाही. १८० दिवसांची रजा सलग असल्यामुळे तिच्यात उन्हाळ्याची किंवा दिवाळीची सुटी बहुधा येतेच. फेब्रुवारीत सुरू झालेल्या रजेतून सुटीचे सुमारे दीड महिना वजा केल्यास बदली शिक्षकाची गरज साडेचार महिने, म्हणजे ७२,००० रुपयांची उरते. जिल्हा परिषदेने अशा शाळांसाठी तालुकावार बदली शिक्षकांची यादी आणि त्यांच्या मानधनाचा एक सामाईक निधी ठेवला, आणि त्यात दोन शिक्षकी शाळांना पहिला मान दिला, तर वाडीवरील भार जिल्ह्यावर वाटला जाईल. हवेली तालुक्यातील मोठ्या शाळेला त्यातून कदाचित कधीच काही मिळणार नाही. ती शाळा हा भार स्वतःच्या वेळापत्रकात सोसू शकते, वेल्ह्यातील शाळा सोसू शकत नाही, हेच तिला न मिळण्याचे कारण आणि हाच येथील न्याय.

या व्यवस्थेअभावी गावात जे घडते ते विपरीत असते. बाई रजेवर गेल्या म्हणून मुलांचे शिक्षण बुडाले, असा बोल शिक्षिकेला लागतो. पुढच्या वेळी आम्हाला बाई नको, गुरुजी द्या, अशी मागणी ग्रामसभेत होते. बदली न देणारी व्यवस्था नामानिराळी राहते. पंचायत सदस्यांनी अशा वेळी ठराव करावयाचाच असेल तर तो बदली शिक्षक मागणारा करावा.

आज हाताशी असलेले उपाय

निधी उभा राहील तेव्हा राहील. तोपर्यंत आहे त्या नियमांत काही गोष्टी करता येतात. दीर्घ रजांमध्ये प्रसूती रजा ही एकच अशी, की जिची तारीख काही महिने आधी कळते. आजारपण सांगून येत नाही. बाळंतपण सांगून येते. तरीही बहुतेक ठिकाणी हालचाल सुरू होते ती अर्ज आल्यानंतर. मुख्याध्यापकांनी पाचव्या-सहाव्या महिन्यातच केंद्रप्रमुखांना कळविले आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांनी येत्या सहा महिन्यांतील रजांची यादी हाताशी ठेवली, तर पर्यायी नियोजनाला वेळ मिळेल. अर्थात हे शिक्षिकेच्या संमतीने आणि खासगीपणा राखून व्हावे. तिच्या गरोदरपणाची चर्चा बैठकीत करण्याचे कारण नाही. अनुदानित शाळेत रजेच्या मुदतीपुरती नेमणूक करावयाची असल्यास मान्यतेचा प्रस्ताव रजा सुरू होण्यापूर्वी पाठवावा. रजा संपत आल्यावर मिळालेली मान्यता बदली शिक्षकाला उपयोगाची, मुलांना नव्हे.

महाविद्यालयांच्या प्राचार्यांनी तासिका तत्त्वावरील अध्यापिकांच्या कामाच्या दिवसांची नोंद तासांबरोबर तारखांनिशीही ठेवावी. ८० दिवसांचा हिशेब तासांच्या बेरजेतून निघत नाही, आणि ही नोंद नसेल तर उद्या लाभ देण्याची इच्छा असूनही तो देता येणार नाही. स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या चालकांनी, कायद्याची वाट न पाहता, तालुक्यापुरता सामाईक निधी करून पाहण्यास हरकत नाही. त्यासाठी प्रथम दोन-तीन वर्षांतील आपापल्या शाळांतील रजांचे खरे आकडे एकत्र करावे लागतील.

ग्रामपंचायतींना आपल्या स्वउत्पन्नाच्या १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करावयाची असते. स्तनदा शिक्षिका, सेविका आणि आहार शिजविणारी बाई यांना बाळाला घेऊन बसता येईल अशी एक आडोशाची खोली शाळेजवळ करणे यासाठी या रकमेचा उपयोग होऊ शकतो काय, याची विचारणा गटविकास अधिकाऱ्यांकडे करावी. कायद्यातील पाळणाघराची सक्ती पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणीच आहे. तेवढे कर्मचारी वेल्ह्यातील एखाद्या संपूर्ण केंद्रातही सहसा नसतात.

शेवटी पावसाळ्याबद्दल. जून ते सप्टेंबर या काळात केळद-पासलीकडील आणि वरंध घाटाच्या बाजूचे रस्ते वारंवार बंद पडतात, आणि खालून बदली शिक्षक पाठविला तरी तो रोज पोहोचेलच असे नाही. या महिन्यांत येणाऱ्या रजांसाठी त्याच खोऱ्यात राहणारी, पात्रता असलेली व्यक्ती एप्रिलमध्येच शोधून तिचे नाव केंद्रप्रमुखांच्या नोंदवहीत घालून ठेवावे.